कांद्याच्या मुळापासून जनुकाच्या अक्षरांपर्यंत : पेशी व रेणवीय जीवशास्त्राची पहिली प्रात्यक्षिके कशी करावीत

बी.एस्सी. प्रथम वर्षाच्या जर्नलमध्ये सूत्री विभाजनाची आकृती मी स्लाइड पाहण्याच्या आठवडाभर आधीच काढून ठेवली होती. ती मागच्या वर्षीच्या एका विद्यार्थ्याच्या जर्नलमधून उतरवलेली होती आणि तिला सहीदेखील मिळाली होती. प्रात्यक्षिकाच्या दिवशी मात्र सूक्ष्मदर्शकात लांबट, फिकट आणि एकसारख्या पेशींच्या रांगांखेरीज काहीच दिसले नाही. मी मुळाचा चुकीचा भाग कापला होता, हे तोंडी परीक्षेत बाह्य परीक्षकांनी ‘मुळाचा कोणता भाग घेतला आणि का?’ असे विचारीपर्यंत माझ्या ध्यानातही आले नव्हते.

आज लातूर, नांदेड, परभणी, बीडकडच्या महाविद्यालयांत जीवशास्त्राला येणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी अनेक जण ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेश परीक्षेची तयारी करून आलेले असतात. पेशीचक्राचे टप्पे, अंगकांची कार्ये, त्रिपुटी संकेत हे सारे त्यांना तोंडपाठ असते. हातात ब्लेड आणि सुई मात्र कधी आलेली नसते. हा लेख त्यांच्यासाठी आहे. त्यात दोन प्रात्यक्षिके आणि कागदावरचा एक सराव दिला असून तिन्हींत मिळून लागणाऱ्या बहुतेक वस्तू आठवडी बाजारात, घरात किंवा कोणत्याही महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत सापडतात. प्रत्येक पायरीबरोबर तिचे कारणही सांगितले आहे, कारण कृती विसरली तरी कारण ठाऊक असलेला विद्यार्थी ती पुन्हा मांडू शकतो.

कांदा रुजवणे

कांद्याची निवड सोयीसाठी झालेली असली तरी तेवढ्यापुरती नाही. कांद्याच्या कायिक पेशीत गुणसूत्रे अवघी १६, म्हणजे ८ जोड्या असतात, आणि ती आकाराने मोठी असल्याने साध्या सूक्ष्मदर्शकातही वेगवेगळी ओळखता येतात. मुगात गुणसूत्रे २२ आणि हरभऱ्यात कांद्याइतकीच १६ असली तरी या दोन्ही पिकांची गुणसूत्रे इतकी लहान असतात की नवशिक्याला तेथे रंगीत ठिपक्यांपलीकडे फारसे काही दिसत नाही. लसणाचीही गुणसूत्रे १६ आणि मोठी असतात, शिवाय त्याच्या पाकळीला मुळे लवकर फुटतात; त्यामुळे कांद्याने दगा दिल्यास लसूण हा उत्तम पर्याय ठरतो.

आणि कांदा दगा देतो. शेतातून नुकताच काढलेला कांदा सुप्तावस्थेत असल्यामुळे त्याला मुळे फुटायला फार वेळ लागतो, म्हणून चाळीत काही आठवडे राहिलेला, टणक आणि न कुजलेला मध्यम आकाराचा कांदा घ्यावा. वरची सुकी साल काढून टाकावी. बुडाशी असलेली वाळलेली जुनी मुळे ब्लेडने खरवडून काढावीत, परंतु त्यांच्या कडेची कंगोऱ्यासारखी गोल पट्टी कापली जाऊ देऊ नये, कारण नवी मुळे तेथूनच फुटतात. नंतर रुंद तोंडाच्या बाटलीत किंवा पेल्यात काठोकाठ पाणी भरून कांदा तिच्या तोंडावर अशा रीतीने बसवावा की फक्त बूड पाण्याला टेकेल. अर्धा कांदा बुडाला तर दोन दिवसांत त्याला वास सुटतो. पाणी रोज बदलावे. बोअरचे जड पाणी रुजवणीसाठी चालते, मात्र पुढे रसायने तयार करताना ऊर्ध्वपातित पाणीच वापरावे.

आपल्याकडील खरी अडचण उन्हाची आहे. कांद्याची मुळे वीस ते पंचवीस अंश सेल्सिअसच्या आसपास जोमाने वाढतात आणि वार्षिक परीक्षेच्या सुमारास मराठवाड्यातील पारा चाळिशीच्या घरात असतो. त्या दिवसांत खिडकीत ठेवलेला कांदा रुजण्याऐवजी शिजतो. यावर आमच्या प्रयोगशाळेतील मामांनी सांगितलेला उपाय मी आजही वापरतो : पिण्याच्या पाण्याच्या माठाशेजारी, ओल्या गोणपाटावर, अंधाऱ्या कोपऱ्यात बाटल्या ठेवाव्यात. तेथे तीन-चार दिवसांत दोन-तीन सेंटिमीटर लांबीची, पांढरी, टोकदार मुळे मिळतात. पिवळसर पडलेली किंवा बुळबुळीत झालेली मुळे घेऊ नयेत. त्यांच्या पेशी विभाजन थांबवून बसलेल्या असतात.

तोडणी आणि स्थिरीकरण

मुळे सकाळी, साधारण साडेआठ ते अकराच्या दरम्यान तोडावीत, असा प्रयोगशाळांतील रिवाज आहे. विभाजन करणाऱ्या पेशींचे प्रमाण दिवसभर सारखे राहत नाही आणि सकाळच्या वेळी ते बरे असते, असा अनुभव त्यामागे आहे. आपल्या कांद्याची खात्री करायची असेल तर दर दोन तासांनी तीन-चार मुळे तोडून वेगवेगळ्या कुप्यांत ठेवावीत आणि नंतर मोजणी करून तुलना करावी. हा स्वतःच एक चांगला छोटा प्रकल्प होतो.

तोडलेली मुळे लगेच स्थिरीकारकात टाकावीत. त्यासाठी तीन भाग शुद्ध अल्कोहोल आणि एक भाग ग्लेशियल ॲसिटिक आम्ल एकत्र करावे, आणि हे मिश्रण ऐनवेळी, हवेशीर जागी, डोळे जपून तयार करावे. त्याचे काम पेशीला ती ज्या क्षणी ज्या स्थितीत होती त्याच स्थितीत थांबवणे हे आहे. अल्कोहोल पाणी ओढून घेते आणि प्रथिने गोठवते, तर ॲसिटिक आम्ल पेशींत झटकन शिरून गुणसूत्रांचा आकार टिकवते. अल्कोहोलमुळे पेशी आक्रसतात आणि ॲसिटिक आम्लामुळे फुगतात, म्हणून दोन्ही एकत्र वापरल्यास परस्परांचे दोष झाकले जातात. चोवीस तासांनंतर मुळे सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये घालून शीतपेटीत ठेवली तर ती बरेच दिवस टिकतात. भारनियमनाचे वेळापत्रक पाहून प्रात्यक्षिक ठरवावे लागणाऱ्या महाविद्यालयांना ही सोय फार उपयोगी पडते.

एक गोष्ट येथेच लक्षात घ्यावी. स्लाइडवर जे दिसणार आहे ते मेलेल्या पेशींचे चित्र आहे. एका पेशीचे विभाजन सुरुवातीपासून शेवटपर्यंत आपण पाहत नाही. वेगवेगळ्या क्षणी थांबवलेल्या शेकडो पेशी पाहून त्यांचा क्रम मनात जुळवतो. वॉल्थर फ्लेमिंग यांनी हाच क्रम जुळवण्यासाठी सॅलमँडरच्या पिलांच्या रंगवलेल्या पेशींबरोबर जिवंत पेशींचेही निरीक्षण केले आणि १८८२ मध्ये त्या प्रक्रियेला मायटोसिस, म्हणजेच सूत्री विभाजन, हे नाव दिले.

स्लाइड तयार करणे

वॉचग्लासमध्ये एक नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल घेऊन ते साठ अंशांच्या पाण्यावर गरम करावे आणि त्यात दोन-तीन मुळे पाच ते दहा मिनिटे ठेवावीत. वनस्पतिपेशी एकमेकींना पेक्टिनने चिकटलेल्या असतात आणि आम्लामुळे ते पेक्टिन सैल होते. ही पायरी घाईने उरकली तर पेशी ढेकळासारख्या एकावर एक राहतात, आणि फार लांबवली तर मूळ चिमट्यातच विरघळून जाते. मूळ चिमट्याने उचलताना किंचित लवत असेल पण तुटत नसेल, तर ते बरोबर तयार झाले आहे असे समजावे. आम्लातून काढल्यावर मूळ ऊर्ध्वपातित पाण्याने धुऊन घ्यावे, नाहीतर रंग नीट चढत नाही.

आता ज्या चुकीपासून या लेखाची सुरुवात झाली, तिच्याकडे येऊ. मूळ स्वच्छ स्लाइडवर ठेवून पांढऱ्या कागदावर धरल्यास त्याचे तीन भाग नुसत्या डोळ्यांनीही ओळखता येतात. अगदी टोकाला जवळजवळ पारदर्शक अशी मूलटोपी असते. तिच्या लगेच मागे एक-दोन मिलिमीटरचा दुधाळ, गडद पांढरा भाग असतो. तीच विभाजी ऊती. त्यामागचा भाग पुन्हा पारदर्शक होत जातो, कारण तेथील पेशी विभाजन संपवून लांब होऊ लागलेल्या असतात आणि त्यांच्यातील रिक्तिका पाण्याने भरलेल्या असतात. आपल्याला मधला दुधाळ भागच हवा असतो. तो दोन मिलिमीटर लांबीचा ठेवून बाकीचे मूळ ब्लेडने कापून बाजूला सारावे. ॲसिटोकार्माइन घातल्यावर हाच भाग सर्वांत गडद होतो, त्यामुळे नजरेने झालेली चूक रंग घालूनही सुधारता येते.

त्या तुकड्यावर ॲसिटोकार्माइनचे दोन थेंब टाकून दहा मिनिटे थांबावे. हा रंग कोचिनीअल नावाच्या किड्यापासून मिळणाऱ्या कार्माइनचा असतो आणि पंचेचाळीस टक्के ॲसिटिक आम्लात उकळून, गाळून तयार केला जातो. लोखंडाच्या अंशाने तो गुणसूत्रांवर अधिक गडद चढतो, म्हणून जुन्या, किंचित गंजलेल्या लोखंडी सुईने तुकडा हलकेच फोडण्याची पद्धत आहे. स्टेनलेस स्टीलच्या चकचकीत सुईने तो परिणाम मिळत नाही. नंतर स्लाइड स्पिरिटच्या दिव्यावरून तीन-चार वेळा झरझर फिरवावी. हाताच्या पाठीला लावून पाहिल्यास ती उबदार लागावी, चटका बसू नये. रंग उकळला तर पेशींत बुडबुडे होतात आणि स्लाइड वाया जाते.

कव्हरस्लिप एका कडेने तिरकी टेकवत सोडावी म्हणजे हवा अडकत नाही. पेन्सिलीच्या रबराच्या टोकाने तिच्यावर सरळ उभे, हलके ठोके द्यावेत, म्हणजे तुकडा ढगासारखा पसरतो. मग वरून टिपकागदाची दुहेरी घडी ठेवून अंगठ्याने सरळ खाली दाब द्यावा. अंगठा आडवा सरकू देऊ नये, कारण तेवढ्याने पेशी गुंडाळल्या जातात आणि गुणसूत्रे एकमेकांवर चढतात. चांगली स्लाइड साधायला बहुतेकांना चार-पाच प्रयत्न लागतात. पहिल्याच प्रयत्नात ती जमली नाही म्हणून जर्नलमधली आकृती शोधायला जाऊ नये. स्लाइड दोन-तीन दिवस ठेवायची असल्यास कव्हरस्लिपच्या कडा नेलपॉलिशने बंद कराव्यात.

काय पाहावे आणि काय पाहिले असे समजू नये

आधी दहा पटींच्या वस्तुभिंगाखाली, म्हणजे एकूण शंभर पट वर्धनात, विभाजी भाग शोधावा. लहान, चौकोनी, गच्च भरलेल्या आणि गडद केंद्रकाच्या पेशी दिसल्या की तो सापडला. मग पंचेचाळीस पटींच्या भिंगाकडे जावे. वीज नसेल तर आरशाचा सूक्ष्मदर्शक खिडकीशी न्यावा, परंतु आरशावर थेट सूर्याचे ऊन कधीही घेऊ नये. समोरच्या चुन्याच्या भिंतीवरून परतलेला प्रकाश पुरेसा असतो.

बहुतेक पेशी आंतरावस्थेत, म्हणजे दोन विभाजनांच्या मधल्या काळात, असतात. त्यांचे केंद्रक गोल, कणीदार दिसते आणि त्यात एक-दोन फिकट पोकळ्यांसारखे ठिपके असतात. त्या केंद्रकी होत, त्यांनी कार्माइन घेतलेले नसते. विद्यार्थ्यांना येथे एक भ्रम होतो. आंतरावस्थेतील पेशी विश्रांती घेत आहे असे तिच्या दिसण्यावरून वाटते, पण डीएनएचे दुप्पट होणे तिच्यातच, एस टप्प्यात घडते. ते सूक्ष्मदर्शकात दिसत नाही. म्हणूनच ‘एस टप्प्यानंतर कांद्याच्या पेशीत गुणसूत्रे किती?’ या प्रश्नाला अनेक जण बत्तीस असे उत्तर देतात. ते चुकीचे आहे : डीएनए दुप्पट झालेला असतो, पण जुळी अर्धगुणसूत्रे एकाच गुणसूत्रबिंदूने बांधलेली असल्याने गुणसूत्रे सोळाच राहतात.

पूर्वावस्थेत केंद्रक सुताच्या गुंड्यासारखे दिसते. मध्यावस्थेबाबत थोडे थांबावे लागते, कारण पुस्तकातील आकृतीत गुणसूत्रे नेहमी एका आडव्या रेषेत असतात, तर स्लाइडवर निम्म्या वेळी तीच पेशी टोकाच्या दिशेने दिसते आणि गुणसूत्रे ताऱ्यासारखी वर्तुळात पसरलेली आढळतात. ती पूर्वावस्था नव्हे. अशा पेशीत सूक्ष्म समायोजनाचा स्क्रू किंचित मागे-पुढे केला की एकेक बाहू स्पष्ट होत जातो, आणि नीट दाबलेल्या स्लाइडवर सोळापर्यंत मोजताही येतात. एकदा माझ्या स्लाइडवर पश्चावस्थेतील अशी एक पेशी सापडली की दोन्ही टोकांकडे इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखी वाकलेली गुणसूत्रे गेली होती आणि एकच गुणसूत्र मधोमध रेंगाळले होते. त्या एका पेशीने मला तर्कूतंतू गुणसूत्रबिंदूलाच का ओढतात, हे जेवढे समजावले तेवढे कोणत्याही आकृतीने समजावले नव्हते : गुणसूत्राचा मधला भाग पुढे आणि बाहू मागे फरफटत होते, दोरीने मधे बांधून ओढलेल्या ओल्या कापडासारखे.

अंत्यावस्थेत दोन केंद्रके तयार होतात आणि त्यांच्यामध्ये एक पातळ रेषा उमटू लागते. ती पेशीपट्टिका असून गॉल्जी पिंडापासून आलेल्या पुटिका मधोमध जुळून ती बनते आणि मध्यापासून कडांकडे वाढते. प्राण्यांच्या पेशीत परिकल विभाजन बाहेरून आत खाच पडून होते, तर वनस्पतीच्या पेशीत कडक पेशीभित्तिकेमुळे तसे होऊ शकत नाही. उच्च वनस्पतींच्या पेशीत तारककेंद्रेही नसतात. तरीही पाठ केलेल्या आकृतीत ती काढून ठेवणारे विद्यार्थी दरवर्षी भेटतात, आणि त्यांनी आकृती स्लाइड पाहून काढलेली नाही हे परीक्षकाला क्षणात कळते.

मोजणी

निरीक्षणानंतर मोजणी करावी. वेगवेगळ्या दहा दृष्टिक्षेत्रांतील मिळून सुमारे पाचशे पेशी मोजाव्यात आणि प्रत्येक पेशी कोणत्या अवस्थेत आहे याची कागदावर चार उभ्या, एक आडवी अशा रेघांनी नोंद ठेवावी. समजा, पाचशेपैकी ४४० पेशी आंतरावस्थेत, ३४ पूर्वावस्थेत, १० मध्यावस्थेत, ६ पश्चावस्थेत आणि १० अंत्यावस्थेत आढळल्या. विभाजन करणाऱ्या पेशी ६० झाल्या, म्हणून विभाजन निर्देशांक १२ टक्के. पेशीचक्र एकूण चोवीस तासांचे मानले, तर मध्यावस्थेचा काळ दहा भागिले पाचशे गुणिले चोवीस तास, म्हणजे सुमारे एकोणतीस मिनिटे आणि पश्चावस्थेचा त्याहून कमी, सुमारे सतरा मिनिटे येतो. जी अवस्था लवकर संपते ती स्लाइडवर क्वचित दिसते, एवढेच या गणिताचे मर्म आहे. रस्त्यावर उभे राहून पाहिल्यास भरधाव गाड्यांपेक्षा रेंगाळणाऱ्या बैलगाड्या जास्त दिसाव्यात तसे. मात्र सर्वच पेशी चक्रात आहेत आणि चक्राचा काळ खरोखर चोवीस तास आहे, ही दोन्ही गृहीतके आहेत, आणि जर्नलमध्ये ती स्पष्ट लिहावीत.

त्याच कांद्यातून डीएनए

एका मानवी अगुणित जनुकसंचात, म्हणजे गुणसूत्रांच्या एका संचात, सुमारे तीन अब्ज बेस-जोड्या असतात. कांद्याच्या अगुणित जनुकसंचात त्या सुमारे सोळा अब्ज, म्हणजे पाचपट आहेत. एका बेस-जोडीची लांबी ०.३४ नॅनोमीटर धरली तर कांद्याच्या एका द्विगुणित पेशीतील डीएनए एकापुढे एक ठेवल्यास जवळजवळ अकरा मीटर भरतो. नऊवारी लुगड्याची लांबी सव्वाआठ मीटर असते. त्याहूनही लांब असा हा सारा डीएनए मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढ्या केंद्रकात घडी घालून बसलेला असतो. (कांदा आपल्यापेक्षा पाचपट गुंतागुंतीचा आहे, असा याचा अर्थ नव्हे, त्यातील बराचसा डीएनए पुनरावृत्तीचा आहे.)

हा डीएनए डोळ्यांनी पाहता येतो. पन्नास ग्रॅम कांदा अगदी बारीक चिरावा. शंभर मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाण्यात तीन ग्रॅम मीठ आणि दहा मिलिलिटर भांडी घासण्याचा पारदर्शक द्रव साबण मिसळून ते चिरलेल्या कांद्यावर ओतावे. पेशीचे प्रद्रव्यपटल आणि केंद्रकाचे आवरण मेदाचे असल्यामुळे साबण तव्यावरचा तेलकटपणा जसा सोडवतो तसेच ते सोडवतो. डीएनएच्या कण्यातील फॉस्फेट गटांवर ऋण प्रभार असल्याने त्याचे धागे एकमेकांना दूर ढकलतात; मिठातील सोडियम हा प्रभार झाकतो आणि पुढे ते धागे एकत्र येऊ शकतात.

हे भांडे साठ अंशांच्या पाण्यात बारा ते पंधरा मिनिटे ठेवावे. या उष्णतेने पेशीतील डीएनए तोडणारी विकरे निकामी होतात, पण अधिक वेळ ठेवल्यास डीएनएच तुटू लागतो. वेळ होताच भांडे बर्फात पाच मिनिटे ठेवावे. नंतर मिश्रण मिक्सरमध्ये पाच सेकंदच फिरवावे. बहुतेकांचा प्रयोग या ठिकाणी बिघडतो, कारण चटणीसारखे बारीक करण्याच्या सवयीने मिक्सर मिनिटभर चालू राहतो आणि लांबलचक धाग्यांचे तुकडे तुकडे होतात. गाळण्यासाठी धुतलेल्या मलमलीची चौपदरी घडी वापरावी. गाळलेल्या द्रवात कच्च्या पपईच्या चिकाचे तीन-चार थेंब टाकून दोन-तीन मिनिटे थांबावे. त्यातील पपेन हे विकर डीएनएभोवती गुंडाळलेली प्रथिने तोडते. फ्रिड्रिश मीशर यांनी १८६९ मध्ये ट्युबिंगेन येथे जखमांच्या पट्ट्यांवरील पुवातून ‘न्यूक्लीन’, म्हणजे आज आपण ज्याला डीएनए म्हणतो तो पदार्थ, वेगळे केले, तेव्हा याच कामासाठी त्यांनी डुकराच्या जठरातील पेप्सिन वापरले होते.

आता परीक्षानळीत पाच मिलिलिटर गाळलेला द्रव घेऊन ती तिरकी धरावी आणि बर्फात गार केलेले दहा मिलिलिटर रेक्टिफाइड स्पिरिट तिच्या भिंतीवरून अत्यंत सावकाश सोडावे. ते वर स्वतंत्र थर करून तरंगते. जवळ पेटता दिवा असू नये. हाताचे सॅनिटायझर वापरून काटकसर करू नये, कारण त्यातील घट्टपणा आणणारे पदार्थ चिकट साका तयार करतात आणि तोच डीएनए वाटतो. दोन-तीन मिनिटांत दोन थरांच्या सीमेवर पांढरे, बुडबुडे धरलेले धागे वर चढू लागतात. काचेची कांडी एकाच दिशेने फिरवल्यास ते कापसाच्या पेळूवरून सूत गुंडाळावे तसे तिच्यावर गुंडाळले जातात.

मात्र कांडीवर आलेला सारा पांढरा पदार्थ डीएनए नसतो, आणि हे प्रामाणिकपणे लिहिले पाहिजे. त्यात आरएनए, प्रथिने आणि पेक्टिनही असते. म्हणून थोडा पदार्थ पाण्यात विरघळवून त्यात शिक्षकांनी तयार करून दिलेले डायफिनिलअमीन द्रावण दुप्पट घालावे आणि नळी उकळत्या पाण्यात दहा मिनिटे ठेवावी. निळा रंग आल्यास डीऑक्सिरायबोज शर्करा आहे, म्हणजे डीएनए आहे. आरएनएमध्ये रायबोज असल्याने तो हा निळा रंग देत नाही. विद्यापीठ विभागात स्पेक्ट्रोफोटोमीटर असल्यास २६० आणि २८० नॅनोमीटरवरील शोषणाचे गुणोत्तर काढावे, ते १.८ च्या आसपास असल्यास डीएनए बऱ्यापैकी शुद्ध आहे, बरेच कमी असल्यास प्रथिने उरली आहेत.

जेल विद्युतसंचारणाविषयी, म्हणजे जेलमधून वीज सोडून डीएनएचे तुकडे लांबीनुसार वेगळे करण्याविषयी, येथे एवढेच पुरे : डीएनए ऋणप्रभारित असल्याने तो काळ्या तारेकडून तांबड्या तारेकडे धावतो, म्हणून खाचा नेहमी काळ्या तारेच्या बाजूला असाव्यात, आणि वीज मधेच जाण्याची शक्यता असेल तर इन्व्हर्टरशिवाय जेल चालवू नये. थांबलेल्या जेलमध्ये डीएनएचे पट्टे पसरून धूसर होतात.

कागदावरचा सराव

पेशी पाहिली, डीएनए हातात आला. आता त्यातील अक्षरे, म्हणजे ए, टी, जी आणि सी हे चार बेस, वाचणे उरते. हे काम कागदावर करता येते आणि तरीही बहुतेक विद्यार्थी ते एकदाही स्वतः करत नाहीत. फ्रान्सिस क्रिक यांनी माहिती डीएनएकडून आरएनएकडे आणि तेथून प्रथिनाकडे जाते हा विचार १९५७ मध्ये व्याख्यानात मांडला आणि १९५८ मध्ये तो छापून आला. त्याच १९५८ मध्ये मेसेल्सन व स्टाल यांनी डीएनएच्या प्रत्येक प्रतीत एक जुना आणि एक नवा धागा असतो हे दाखवले, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आपल्या मराठवाडा विद्यापीठाची स्थापना झाली. सन लक्षात ठेवायला हा योगायोग मला उपयोगी पडला आहे.

धाग्याच्या दोन टोकांना तीन-प्राइम आणि पाच-प्राइम म्हणतात. वहीत साचा-धागा, म्हणजे ज्यावरून आरएनए उतरवला जातो तो धागा, तीन-प्राइम टोकाकडून असा लिहावा : टीएसी – सीजीए – सीटीसी – एटीटी. त्याखाली प्रतिलेखन, म्हणजे डीएनएवरून आरएनए लिहिणे, करावे. आरएनएमध्ये टीऐवजी यू असतो. टीसमोर ए, एसमोर यू, सीसमोर जी आणि जीसमोर सी ठेवल्यास एम-आरएनए पाच-प्राइम टोकाकडून एयूजी – जीसीयू – जीएजी – यूएए असा मिळतो. साचा तीन-प्राइमकडून वाचला जातो आणि आरएनए पाच-प्राइमकडून वाढतो, ही उलट दिशा बाणाने दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नये. तीन अक्षरांचा एक गट हा एका अमिनो आम्लाचा किंवा थांबण्याचा संकेत असतो. आता संकेतांच्या तक्त्यावरून भाषांतरण करावे : मेथिओनीन, ॲलनीन, ग्लुटामिक आम्ल, आणि यूएए म्हणजे थांबा.

यानंतर मुद्दाम चुका कराव्यात. साच्यातील सीटीसीचे सीएसी करावे. जीएजीऐवजी जीयूजी येते आणि ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन बसते. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी नेमका हाच बदल झाल्याने सिकलसेल हा आजार होतो. पुढे मूळ साचा पुन्हा लिहून सीजीएमधील पहिला सी खोडावा आणि उरलेली अक्षरे तीन-तीनच्या गटांत नव्याने पाडावीत : एयूजी – सीयूजी – एजीयू – एए. आता मेथिओनीन, ल्युसीन, सेरीन अशी वेगळीच साखळी तयार होते आणि थांबण्याचा संकेत हरवतो. एक अक्षर बदलल्याने एक अमिनो आम्ल बदलले, पण एक अक्षर गळल्याने पुढचे सारे वाक्य बिघडले. चौकट सरकणे म्हणजे काय, हे हाताने एकदा खोडल्यावर पुन्हा पाठ करावे लागत नाही.

हाच तक्ता शेतापर्यंत नेता येतो. बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जमिनीतील जिवाणूचे क्राय-१-एसी हे जनुक असलेल्या कपाशीला भारतात २००२ मध्ये परवानगी मिळाली आणि परभणी-जालन्याच्या काळ्या रानात ती सर्वत्र पसरली. जिवाणूचे जनुक कपाशीत चालते, कारण दोघांचा संकेतांचा तक्ता एकच आहे. परंतु तक्ता एक असला तरी सवयी वेगळ्या असतात. एकाच अमिनो आम्लासाठी अनेक संकेत असून जिवाणूला ए आणि टीने भरलेले संकेत चालत, तर वनस्पतीच्या पेशीत तसे जनुक फारच थोडे प्रथिन तयार करी. म्हणून शास्त्रज्ञांनी प्रथिन तेच ठेवून जनुकाची अक्षरे वनस्पतीला सोयीची अशी पुन्हा लिहिली. पुढे गुलाबी बोंडअळीने या प्रथिनाला दाद देणे सोडले, त्यामागेही अक्षरांचेच बदल आहेत : हे प्रथिन अळीच्या आतड्यात ज्या कॅडहेरिन प्रथिनाला चिकटते, त्याच्या जनुकातील उत्परिवर्तने प्रतिकारक्षम अळ्यांत आढळली आहेत.

सरावाची शेवटची पायरी याच धर्तीवर करावी. वरच्या छोट्या साखळीतील ॲलनीनसाठी जीसीयू, जीसीसी, जीसीए आणि जीसीजी हे चारही संकेत, तर ग्लुटामिक आम्लासाठी जीएए आणि जीएजी हे दोन्ही आलटूनपालटून वापरावेत. थांबण्याचा यूएए तसाच ठेवल्यास त्याच तीन अमिनो आम्लांसाठी आठ वेगवेगळे एम-आरएनए लिहिता येतात. ते आठही लिहून प्रत्येकाखाली त्याचा डीएनएचा साचा-धागा दिशेसह मांडावा, आणि थांबण्याचे तिन्ही संकेत, यूएए, यूएजी व यूजीए, धरल्यास ही संख्या किती होते ते स्वतः मोजून जर्नलच्या त्याच पानावर नोंदवावे.